गेटाजवळचं चंदगड

बाई, तुमच्या शोकसभेत मी पुन्हा खोटं बोललो.

तेच जुनं खोटं. नवीन रचण्याइतकी माझी अक्कल चालत नाही, हे तुम्ही जाणताच. हेडसरांनी दोन शब्द बोलायला सांगितलं, मी उठलो, तुमच्या फोटोकडं बघितलं. फोटोही नेमका निवडणूक ड्युटीच्या ओळखपत्रावरचा, त्यात तुम्ही माझी टाचणवही चाळताना दिसायचात तशाच दिसता. घसा साफ केला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, की शाळेच्या अंगणातला जिल्ह्याचा उलटा नकाशा मी मुलांनी विचार करावा म्हणून मुद्दाम उलटा काढला, आणि बाईंनी त्या उपक्रमात मला मोलाची साथ दिली.

साथ दिली, म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत तुमचे यजमान, दादा, बसले होते, नवरा म्हणून नव्हे तर एखाद्या समारंभाला आलेल्या पाहुण्यासारखे अंग चोरून. त्यांनी मला हात जोडले. मी खाली बसलो.

त्याला आता पंधरा-वीस दिवस झाले. त्या दिवशी चाळीसेक माणसं होती. एकेकाला गाठून 'ते तसं नव्हतं हो' म्हणत फिरणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून लिहून टाकतोय. आणि तुम्हाला उद्देशून लिहितोय, कारण हे आधी तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगायला मला सवड होती ती सगळी मी घालवली.

कोल्हापूर संपतं, कळंब्याच्या तलावाला वळसा पडतो, आणि उसाची शेतं सुरू होतात तिथं आपली शाळा. मी तिथं नवीन आलो तेव्हा तिसरीचा वर्ग मला मिळाला आणि शेजारची चौथी तुमच्याकडं होती. मधे नुसतं पार्टिशन, म्हणजे माझं अज्ञान तुम्हाला थेट ऐकू यायचं. दुसऱ्याच आठवड्यात मी कपाटातला दांडीचा मोठा नकाशा काढला, फुंकर मारून धूळ पोरांच्या तोंडावर उडवली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. छडी फिरवली. उत्तर दिशा कुठं, विचारलं. अख्ख्या वर्गानं एकदम वर, छताच्या पत्र्याकडं बोट केलं. मी शाब्बास म्हणालो.

डब्याच्या सुट्टीत तुम्ही म्हणालात की पोरं उत्तर म्हणून पत्रा दाखवत होती. मी म्हणालो, नकाशात उत्तर वरच असते की. तुम्ही लोणच्याची फोड माझ्या डब्यात ठेवलीत आणि म्हणालात, वर आभाळ असतंय, सर.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात येऊन तुम्ही नकाशा खिळ्यावरून उतरवलात आणि फरशीवर अंथरलात. चार कोपऱ्यांवर पोरांच्या पाट्या ठेवल्या. सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून येतं विचारलंत, आणि नकाशाची पूर्व त्या खिडकीकडं येईपर्यंत पोरांकडून नकाशा फिरवून घेतला. मग कोल्हापूर कुठं विचारलं. पोरांनी नकाशातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि मग त्याच सरळीत बाहेर, कळंब्याच्या जेलच्या भिंतीकडं हात केला. ठिपका आणि गाव एका रेषेत आले. मी डी.एड. झालेला माणूस, बाई, पण हे मला त्या दिवशी कळलं. तोंडावर मात्र मी असं दाखवलं की मला आधीच माहीत होतं.

तुमचे नियम दोनच. नकाशा आधी जमिनीवर, मग भिंतीवर. आणि दिशांना वर-खाली म्हणायचं नाही. मी शनिवारी 'जरा खाली नेसरीला जाऊन येतो' म्हणालो की तुम्ही म्हणायचात, खाली विहीर असते. नेसरी दक्षिणेला हाय. माझं गाव नेसरी, जिल्ह्याच्या दक्षिणेच्या अंगाला. घरी थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची आमच्याकडं रीत, म्हणून शाळेत तुम्ही बाई आणि डब्यापुरत्या अक्का. तुम्हाला ते कधी खटकलं नाही. मला धाकटा भाऊ समजून जितकं ओरडायचं तितकं तुम्ही डब्याच्या वेळेतच ओरडून घेतलंत, पोरांसमोर कधी नाही.

सूची शिकवायची तुमची तऱ्हा तर अजून मी वापरतो. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचे अर्थ लिहिलेले असतात ती सूची. मी ती पाठ करून घ्यायचो. तुम्ही पोरांना आपापल्या गल्लीचा नकाशा काढायला लावायचात आणि म्हणायचात, खुणा तुमच्या तुम्ही ठरवा, फक्त तिऱ्हाइताला वाचून कळलं पाहिजे. मग काय खुणा निघायच्या. काळा ठिपका म्हणजे चावरं कुत्रं. दोन रेघा म्हणजे चिंचा मिळतात. एका नकाशात वळणावर फुली होती आणि सूचीत लिहिलं होतं: 'फुली – इथं सर गाडीवरून पडले.' मी लालबुंद झालो. तुम्ही तो नकाशा वर्गात लावलात, आणि मला म्हणालात की ज्याला ह्या गल्लीतून गाडी न्यायची असेल त्याच्या उपयोगाची खूण हीच.

आता अंगणातल्या नकाशाकडं येतो. येताना पाय जड झालेत.

मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. तुम्ही आठवडाभर प्रशिक्षणाला गेला होतात. हेडसर म्हणाले, भिंती रंगवल्यात, अंगण मोकळं पडलंय. मी म्हणालो, जिल्हा काढू या. दोरी घेतली, फक्की घेतली, पुस्तकातल्या नकाशावर चौकटी आखल्या आणि तशाच मोठ्या चौकटी अंगणात मारल्या. दोन दिवस उन्हातान्हात राबलो. शनिवारी दुपारी शेवटचा हात मारला, लांबून बघितलं, स्वतःवर खूश झालो आणि गाडीला किक मारून नेसरीला गेलो.

सोमवारी तुम्ही आलात आणि गेटातच थांबलात. खांद्याला पिशवी, हातात छत्री. बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, कौतुकानं बोलती बंद झाली.

"सुंदर झालाय," तुम्ही म्हणालात. "उत्तर कुठली, सर?"

मी नकाशाच्या माथ्याकडं बोट केलं. बोट गेलं ते शाळेच्या पायऱ्यांकडं.

"आणि कळंबा कुठं गेला मग?"

कळंबा, तलाव, जेल, अख्खं कोल्हापूर, सगळं माझ्या पाठीमागं होतं. गेटाबाहेर. मी मागं बघितलं, पुढं बघितलं.

"साहेब गेटातनं येणार की, बाई," मी म्हणालो. "त्यांना सरळ दिसाय नको? मुद्दाम काढलाय तसा."

तुम्ही 'असं होय' म्हणालात आणि वर्गात गेलात.

खरं कारण आज सांगतो. गेटाजवळ करंजाचं झाड आहे. त्याच्या सावलीला मी फतकल मारून बसलो आणि जिथं बसलो तिथून जिल्हा सरळ दिसेल असा काढत गेलो. दिशा हा शब्दच डोक्यात आला नाही. एका झाडाच्या सावलीसाठी बारा तालुके फिरवले. सह्याद्री पूर्वेला गेला, सूर्य गगनबावड्याच्या घाटातून उगवायला लागला, पंचगंगा उलटी कोकणात निघाली. जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचं चंदगड उत्तरेला गेटाजवळ येऊन बसलं. माझं स्वतःचं नेसरी मी स्वतःच्या हातानं कोल्हापूरच्या उत्तरेला नेऊन ठेवलं आणि त्याच दुपारी गाडी दक्षिणेला दामटली. साठ-सत्तर किलोमीटरच्या वाटेत एकदाही शंका आली नाही.

साहेब आले. चंदगडात पाय ठेवून, भुदरगड, करवीर करत, पन्हाळ्यावरून व्हरांड्यात चढले. छान म्हणाले, चहा घेतला, गेले. म्हणजे मी वाचलो. तुम्ही तेव्हाच म्हणालात की आता पुसून नीट काढू, मी मदतीला हाय. मी म्हणालो, मुद्दाम काढलेलं कशाला पुसायचं? एकदा मुद्दाम म्हटलं की तिथंच उभं राहावं लागतं, बाई. चूक कबूल करायला एक मिनिट लागलं असतं. ती सांभाळायला मला अकरा वर्षं लागली.

मग तुम्ही काय केलंत, तर परिपाठ झाला की पोरांना अंगणातल्या करवीरवर, म्हणजे आपल्याच तालुक्यावर, उभं करायला लागलात, प्रत्येकाच्या हातात कागदाचा नकाशा देऊन. उगवतीकडं तोंड करा, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. आता बघा, पायाखालचं खरं का हातातलं? तीन दिवस तुम्ही काही सांगितलं नाहीत. तिसऱ्या दिवशी एका पोरीनं सांगितलं, बाई, जिल्हा फिरलाय. किती फिरलाय, तुम्ही विचारलंत. ती दोन्ही हात बाजूला धरून वळत गेली आणि थांबली. म्हणाली, अर्धी गिरकी. तेव्हापासून आपल्या शाळेत तो शब्दच पडला. आपल्या शाळेचं पोर कुठलाही नकाशा कसाही पुढं केला तरी आधी ऊन कुठं आहे बघतं. हे सगळं तुमचं. ह्यात माझी कामगिरी म्हणजे मी चुकलो होतो.

पण लिहायला मी बसलो. माझं अक्षर चांगलं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात. 'उलट्या नकाशातून दिशाज्ञान' असा नवोपक्रम लिहिला, संकल्पना आणि मांडणी म्हणून माझं नाव घातलं. तुमचं नाव शेवटच्या पानावर आभारात होतं, रंग देणारा आणि टायपिंग करणारा ह्यांच्या मधे. उचगावच्या बाजूला एका शाळेत शिक्षण परिषद होती, तिथं मी तो वाचला. प्रशस्तिपत्र मिळालं. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी वरून नीट बघत होतो, बाई. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि त्या खऱ्या होत्या. तेच मला कळत नाही अजून.

येताना तुम्ही माझ्या गाडीवर मागं बसलात. मला धाकधूक, आता रस्त्यात विषय निघणार. म्हणून मीच बोलत राहिलो, नकाशे, दिशा, पुढच्या वर्षीचे बेत. तुम्ही हूं म्हणत होतात. बोलण्याच्या नादात किती वेळ गेला कळलं नाही, आणि समोर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीची पाटी आली. तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलंत.

"सर, कागलात काही काम हाय का तुमचं?"

"न्हाई की. का हो?"

"मग कळंबा मागं राहिला."

दिशाज्ञानाचं प्रशस्तिपत्र डिकीत घालून मी दक्षिणेला हायवे पकडला होता, जायचं होतं पश्चिमेला. गाडी कडेला घेतली. तुम्हाला कधी कळलं, विचारलं. तुम्ही म्हणालात, वळलो तेव्हाच. ऊन उजव्या गालावर यायला लागलं. कळंब्याला जाताना ते तोंडावर यायला पाहिजे.

"मग बोलला का न्हाई, अक्का?"

"इतक्या खात्रीनं निघाला होता तुम्ही," तुम्ही म्हणालात. "म्हटलं बघू तरी, कुठवर जाताय."

तुम्ही हे कुठल्या रस्त्याबद्दल बोललात, ते मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. हसलो. दिवस बुडाला होता, चुकल्यानं भूक लागते म्हणून मी कागलात थांबून वडा खाल्ला, वर चहा घेतला. तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, बाहेरचं तेलकट चालत नसेल. आठवड्यानं दादांनी बोलता बोलता सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, असंच. तुम्ही जैन, दिवस मावळल्यावर तुमच्यात जेवत नाहीत. तुम्ही तर पाणीसुद्धा घेत नव्हतात. त्या दिवशी दुपारच्या डब्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत राहिलात. एवढी वर्षं तुमच्याबरोबर डबा खाल्ला, निवडणुकीच्या ड्युटीवर तुम्हाला उजेडी जेवून घेताना बघितलं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही की मी माझी चूक चालवत होतो तेव्हा तुमचं ताट मावळत होतं.

मग मला तो नकाशा डोळ्यांसमोर नको झाला. दर जूनला शाळा भरायच्या आधी आपण दोघं त्यावर रंगाचा हात मारायचो. तालुके मी भरायचो, नद्या तुम्ही, कारण माझ्या हातातली नदी कालव्यासारखी निघते. पहिली काही वर्षं तुम्ही म्हणायचात सरळ करू, आणि मी म्हणायचो नको. प्रशस्तिपत्रानंतर मी म्हणायला लागलो सरळ करू, आणि तुम्ही म्हणायला लागलात नको. का, तर पोरांना शोधायला काहीतरी चुकलेलं लागतं, आणि एवढी मोठी, चांगल्या अक्षरातली चूक कुठल्या शाळेकडं हाय? मी चिडायचो. म्हणायचो, बाई, तुम्ही मला दर वर्षी माझ्याच चुकीवर रंग मारायला लावताय. तुम्ही पंचगंगा ओढत म्हणायचात, चूक म्हणालात व्हय, मुद्दाम काढलाय न्हवं?

तिथं दार उघडं होतं. मी आत आलो नाही. तुम्ही निवृत्त झालात तरी जूनमध्ये नद्यांपुरत्या येत राहिलात, गुडघा धरून बसायचात, आणि ते वाक्य दर वर्षी म्हणायचात. मी दर वर्षी ब्रश धुवायला उठायचो.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी दादांकडं गेलो. सगळं सांगितलं, सावलीपासून वड्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ह्यातलं मला काय बी म्हाईत न्हाई. तिनं घरात कधी काढलं न्हाई. सरांचं अक्षर लई चांगलं हाय, एवढं म्हणायची. मग उठले आणि आतून तुमचे नदीचे ब्रश आणून दिले, रुमालात गुंडाळलेले, टोकं धुऊन सरळ केलेली.

जून आलाच होता. हेडसर म्हणाले, औंदा सरळ करून टाकू या की जिल्हा, बाई बी न्हाईत आता. मी म्हणालो, तसाच राहू दे. आपलं भांडण एकट्यानं मिटवायचा अधिकार मला नाही, असं काहीसं मनात होतं. पण खरं म्हणजे तुमचं बरोबर होतं, हे मला अकराव्या वर्षी पटलं. नद्या मी रंगवल्या. दूधगंगा जाड झाली. भोगावती तर मधेच अशी फुगली की तुम्ही असतात तर तिच्यावर एक धरण मागितलं असतंत. पण पाणी सगळीकडून संगमाला पोचलं.

मग कोपऱ्यातल्या सूचीशी बसलो. निळी रेघ, नदी. तपकिरी पट्टा, डोंगर. काळी तुटक रेघ, तालुक्याची हद्द. त्याखाली एक ओळ वाढवली, माझ्या चांगल्या अक्षरात: 'लाल फुली – इथं सावलीला बसून सर चुकले. शिकवलं बाईंनी.' आणि करंजाच्या बुडाशी, चंदगडाच्या जरा बाहेर, लाल फुली मारली.

हेडसरांनी वाचलं. म्हणाले, असलं लिहितात व्हय सूचीत? उद्या कोण आलं बघायला तर? मी म्हणालो, तिऱ्हाइताला वाचून कळलं म्हणजे झालं.

सोमवारी शाळा भरली. परिपाठ झाल्यावर तिसरीची पोरं अंगणात आणली. एक बारकी, दोन वेण्या घातलेली पोरगी सूचीपाशी उकिडवी बसली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. नदी. डोंगर. हद्द. मग लाल फुली. अख्खी शाळा ऐकत होती. चौथीची पोरं माझ्याकडं बघून हसत होती. तिनं वाचून संपवलं, फुली कुठं आहे ती शोधली, परत सूची वाचली आणि मान वर केली.

"सर, किती चुकला हो?"

हा तुमचा प्रश्न होता आणि त्याचं माप तुम्ही ठरवून दिलं होतं. मी करवीरवर जाऊन उभा राहिलो. नकाशातल्या नेसरीकडं, म्हणजे गेटाकडं, तोंड केलं. ढगांतून थोडं ऊन पडलं होतं, ते उजव्या गालावर लागत होतं. दोन्ही हात बाजूला धरले आणि हळूहळू वळत गेलो, शाळा समोर आली, तिच्यामागं ऊस, आणि त्याच्याही पलीकडं कुठंतरी माझं गाव. ऊन डाव्या गालावर आलं तेव्हा थांबलो.

"एवढा," मी म्हणालो.